अण्णांचे ग्रीक राजे

माझे वडील, म्हणजे अण्णा, शाळेत इतिहास शिकवायचे आणि घरी ग्रीसच्या राजांवर पुस्तक लिहायचे. बारा वर्षं. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, त्यामुळे घरात राजेरजवाड्यांचं कौतुक कुणालाच नव्हतं. कसबा पेठेतले शेजारी विचारायचे, "सर, पुण्यात राजे कमी पडले का?" अण्णा म्हणायचे, "त्यांच्यावर लिहिणारे कमी नाहीत."

मला त्यातल्या दोनच गोष्टी ठाऊक होत्या. एक राजा माकड चावून मेला. आणि युद्ध पेटलं, बंड झालं की ग्रीसचा राजा देश सोडून पळतो, काही वर्षांनी परत येऊन गादीवर बसतो. "वाच गं एकदा," अण्णा म्हणायचे. मी "रविवारी" म्हणायचे. सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली होती आणि मी फार शहाणी झाले होते.

त्याच शहाणपणात नारायण पेठेतल्या डीटीपीवाल्याकडून सगळं टाइप करून सीडीवर घेतलं. बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये सामान हलवताना हस्तलिखिताचे गठ्ठे रद्दीत दिले. अण्णा दारात उभे होते.

"सीडीत आहे ना नक्की?"

"अहो अण्णा, कागदाचा जमाना गेला."

प्रकाशक मिळाला तेव्हा सीडी उघडली. राजाच्या जागी चार इंग्रजी अक्षरं, युद्धाच्या जागी टक्क्याची खूण. अक्षरांचा तो फाँट डीटीपीवाल्याच्याच मशीनवर होता, आणि तो दुकान विकून कुठे गेला ते कुणाला माहीत नव्हतं. तपासलेली प्रुफंही त्याच्याकडेच राहिली. परदेशातल्या लोकांचे प्रोग्राम दुरुस्त करणारी मी, दोन रविवार बसले. जोडाक्षरं जुळेनात. मग प्रोजेक्टची तारीख जवळ आली आणि सीडी कपाटात गेली. माझ्या हातून याहून वाईट काही घडलेलं नाही.

अण्णा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. दोनशे पानी वही आणून ते पहिल्यापासून लिहायला बसले. पण तेव्हा त्यांना विसर पडू लागला होता. आधी नावं गेली, मग क्रम. जर्मन सैन्य तीन पानांत तीनदा अथेन्समध्ये शिरलं. शेवटी सगळं सोडून त्यांनी एकच प्रकरण धरलं, अखेरचं. "एवढं झालं तरी पुरे," म्हणाले.

एकदा मी ऑफिसला निघताना त्यांनी हाक मारली.

"अगं, लष्कराने सत्ता घेतली. राजाने डाव उलटवायचा प्रयत्न केला, तो फसला. बायकोमुलांना घेऊन विमानाने पळाला. पुढे काय झालं? परत आला का तो?"

कंपनीची बस सुटायची वेळ झाली होती. "आला, अण्णा," मी चप्पल घालत म्हणाले. "येतातच ना ते परत."

त्यांनी वही पुढे ओढली. मग लिहून घेतलं.

ऑफिसात इंटरनेटवर शोधलं. गादीवर तो पुन्हा कधीच बसला नाही. लष्कर गेल्यावर लोकांनी मतदान करून राजेशाहीच संपवली होती. आजोबांचा मुलगा बारा वर्षं ग्रीसच्या मागे का लागला होता, ते मला तेव्हा कळलं. स्वच्छतागृहात जाऊन मी रडले.

घरी आले तर वही मिटलेली होती.

"झालं पुस्तक," अण्णा म्हणाले. कित्येक महिन्यांनी ते खूश दिसत होते. मी खोडायला सांगितलं नाही.