रोह्याला पाठवलेलं मशीन

धाकट्या बहिणीला मी बिघडलेलं मशीन दिलं, आणि ते बिघडलंय हे माहीत असताना दिलं. पेणच्या घरी सहा वर्षं वापरलेला आमचा डिशवॉशर एके दिवशी पाणीच घेईना. मेकॅनिकने खालची पट्टी उघडून बघितलं. म्हणाला, "पाणी आत सोडणारा वॉल्व जळलाय, मॅडम. पार्ट मागवायला लागेल." मी म्हटलं, राहू दे. मला नवीनच घ्यायचं होतं. त्याने वॉल्ववर चिकटपट्टी लावली, मार्करने 'खराब' लिहिलं आणि पट्टी परत बसवून तो गेला.

बहीण रोह्याला असते. नवरा कंपनीत शिफ्टला, घरात सासू-सासरे, दीर, दोन मुलं. तिच्या बोटांना इसब आहे. साबणाचं पाणी लागलं की पेरं फाटतात. भाकरी थापतानासुद्धा ती बोटं उचलून फक्त तळव्याने थापते.

गणपतीत ती आमच्याकडे आली होती. नवीन मशीन बघून माझ्या जावांच्या देखत हसत म्हणाली, "ताई, तुमची दोघांची भांडी ती किती गो? मशीनला पण कंटाळा येत असेल."

आम्हाला मूल नाही. ती सहज बोलली, तिच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. जावा हसल्या. मीही हसले आणि म्हटलं, "जुनं तू घेऊन जा. तुझ्याकडे भांडी भरपूर."

तिचे डोळे भरून आले. "चालतं ना गो?"

"चालतं की."

बोलताना मला वाईट वाटलं असं लिहायला हवं. वाटलं नाही. बरं वाटलं. नंतर यांनी विचारलं, "बिघडलंय ते सांगितलंस ना तिला?" मी म्हटलं, "सांगितलं."

टेम्पोने मशीन रोह्याला गेलं. मेहुण्यांनी प्लंबर बोलावून जोडून घेतलं. त्याच संध्याकाळी फोन आला.

"ताई, पाणी येत नाय गो. नुसता आवाज करतं आणि लाल दिवा लागतो."

"नळ पूर्ण सोडलायस?"

"सोडलाय."

"मागचा पाइप कुठे दुमडलाय का बघ."

तिने मशीन एकटीने पुढे ओढलं. मला फोनवर फरशी खरवडल्याचा आवाज ऐकू आला. पाइप सरळ होता. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, स्टाफरूममध्ये डबा खाता खाता, मी तिला पाइप काढून बादलीत धरायला सांगितलं. पाणी जोरात येत होतं. "मग जाळीत कचरा असेल," मी म्हटलं. "पाइपाच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती सुईने साफ कर." तिसऱ्या दिवशी मी म्हणाले, दार नीट बसत नसेल. चौथ्या दिवशी आतला तळ पुसून घ्यायला लावला. ती प्रत्येक वेळी सगळं करायची आणि फोन करून सांगायची, "केलं गो ताई, तरी नाय." मी शाळेत मुलांना वह्या तपासून देते तितक्याच शांतपणे पुढचं सांगायचे.

एकदा मागून तिच्या सासूचा आवाज आला. "बहिणीकडे सहा वर्षं चालला. इकडे आला आणि बंद पडला. तुझ्या हाताला यशच नाय गो."

मी बहिणीला म्हटलं, "दार परत एकदा दाबून लाव."

शेवटी ती म्हणाली, "तू एकदा येऊन बघ. तुला त्याची सवय हाय." नाही म्हणायला कारण सुचलं नाही. रविवारच्या गाडीने गेले. निडी स्टेशन गेल्यावर वाटलं, रोह्याला उतरून तशीच परतीची गाडी धरावी. पण मेहुणे स्टेशनवर न्यायला आले होते.

घरी बहीण मशीनसमोर मांडी घालून बसली होती. चार बोटांना चिंध्या बांधलेल्या. शेजारी पाण्याची कळशी आणि तांब्या. "वरून ओतून बघितलं," ती म्हणाली. "थोडं चालतं, मग परत पाणी मागतं."

मी वाकून बटणं दाबली. जाळी काढून उजेडात धरली. स्वच्छ होती. तेवढ्यात दिराने गावातला मेकॅनिक आणला. त्याच्याविषयी मला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने खालची पट्टी काढली, टॉर्च मारला आणि हसला.

"ह्या वॉल्ववर लिहिलेलंच हाय की. खराब. आधी कोणीतरी बघून गेलाय."

सासू पुढे झाल्या. मेहुणे वाकले. बहिणीने चिकटपट्टी बघितली आणि मग माझ्याकडे बघितलं. मी जाळी हातात धरून उभी होते.

"ताईने सांगितलं होतं," बहीण म्हणाली. "वॉल्व बदलायला लागेल म्हणून. माझ्याच ध्यानातून गेलं."

"पाच दिवस?" सासू म्हणाल्या. "पाच दिवस सगळ्या घराला नाचवलंस आणि तुला माहीत होतं? डोकं हाय का नाय गो तुला?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघा हो बाई. तुम्ही एवढं दिलंत आणि हिला धड सांगितलेलं ध्यानात राहत नाय."

सासूपुढे माहेरचं नाव जाऊ नये म्हणून ती बोलली होती. खरं सांगायला मला फक्त एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "असू दे, होतं असं." आणि चहा घेतला.

बहीण मला सोडायला दारापर्यंतही आली नाही. भांड्यांचा ढीग होता, ती मोरीवर बसली.

वॉल्व पंधरा दिवसांत मिळाला. मशीन सुरू झाल्याचं मला मेहुण्यांकडून कळलं. अजून चालतं. दोन वेळची सगळ्या घराची भांडी त्यात जातात आणि तिची बोटं बरीच भरून आली आहेत. सणावारी मी जाते. ती वाढते, आग्रह करते, घरची विचारपूस करते. त्या पाच दिवसांविषयी तिने मला आजवर एक शब्द विचारलेला नाही.

जेवण झालं की ती सगळ्यांची ताटं मशीनमध्ये लावते. माझं ताट बाजूला ठेवते. मग माझ्यासमोर मोरीवर बसून साबण घेते आणि ते एकच ताट हाताने घासते. पहिल्यांदा मी म्हटलं, "अगं, त्यातच लाव ना."

"राहू दे," ती म्हणाली. "एका ताटाला काय होतंय."