बायबलबाईंचा पेला

बायबलबाई कुणापुढे ओंजळ धरायच्या नाहीत. खांद्यावरच्या पिशवीला जर्मन धातूचा एक पेला बांधलेला असे. कोल्हारच्या आसपासच्या वस्त्यांवर शुभवर्तमान सांगत फिरताना पाणी घ्यायचं ते त्यातच. "वरनं वता, पर पेल्यात वता," म्हणायच्या.

माझी आई मात्र ओंजळीनंच पीत आलेली. आमचं घर गावकुसाबाहेरचं. बाप लवकर गेला, आई दुसऱ्यांच्या रानात राबायची. विहिरीला हात लावायची सोय नव्हती. कुणी घागरीत ओतेल तोवर उन्हात उभं राहायचं. बाईंनी आम्हाला ख्रिस्ती मंडळीत आणलं. त्यांच्या मोठ्या अक्षरांच्या बायबलवर मी वाचायला शिकले. चुकलं की टपली. "येशू थांबंल पोरी, मास्तर थांबायचा न्हाई." त्या टपल्या खात मी नगरच्या कॉलेजात गेले, बी.ए. झाले. आमच्या घराण्यात पहिलीच. हे मी लाजून सांगत नाही.

परत आले ती डोक्यात वारं भरून. सत्तर साल नुकतं उलटलं होतं आणि मंडळीत दोन तट पडले होते: जुन्या मताचे आणि सुधारक. मी शाळेत शिक्षिका, मंडळीची चिटणीस आणि अर्थातच सुधारक. प्रभुभोजनाला द्राक्षरस पिताना सगळ्यांनी एकाच चांदीच्या पेल्याला ओठ लावायचे, याची मला किळस यायची. प्रत्येकाला काचेचा वेगळा छोटा पेला हवा, असा अर्ज मीच लिहिला.

सभेत बाई उठल्या. "दोन वाड्यांची, दोन जातींची मानसं आपन. एकमेकांच्या हातचं पानी पीत नव्हतो. पयल्यांदा हा पेला फिरला तवा निम्मी मानसं उठून गेली. माझा बाप बसून ऱ्हायला. पल्याडच्या वाड्यातल्या म्हाताऱ्याच्या मागनं, त्याच पेल्यातनं पिला."

ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. "बाई, तुम्ही जुन्या मताच्या," मी म्हणाले. "आता मंडळीत शिवाशीव राहिलीय कुठं? आता प्रश्न जंतूंचा आहे."

लोक हसले. बाई खाली बसल्या. "व्हय बाई," एवढंच म्हणाल्या, "तू शिकलीस."

ठराव झाला, काचेचे पेले आले. प्रभुभोजनाच्या रविवारी तबक पुढं आलं की बाई ते तसंच शेजारणीकडं सरकवायच्या. वर्ष गेलं. मला वाटे, हट्ट आहे, जाईल.

दुष्काळाच्या साली त्यांनी अंथरूण धरलं. प्रभुभोजन पाहिजे, असा निरोप आला. मंडळीचे पाळकसाहेब आणि मी गेलो. साहेबांनी प्रार्थना केली, मी काचेचा पेला पुढं केला. बाईंनी डोळे उघडले.

"ह्यातनं आदी कोन पिलं?"

"कुणीच नाही, बाई. उकळत्या पाण्यात धुतलाय."

"मंग काय उपेग?" म्हणाल्या, आणि तोंड भिंतीकडं केलं.

चांदीचा पेला देवळातल्या कपाटात होता. पाच मिनिटांची वाट. पाळकसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "ठराव झालाय. मंडळीच्या पंचांना विचारावं लागेल." ठराव माझ्याच अक्षरातला. पंच रविवारी बसणार होते. बाई शुक्रवारी गेल्या.

आई आणि मी गेलो तेव्हा त्यांच्या उशाशी जर्मनचा पेला होता, अर्धा भरलेला. त्या साली पाणी कुणी फेकत नव्हतं. आईनं तो उचलला, ओठांना लावला, दोन घोट प्यायली आणि माझ्यापुढं धरला. "घे," म्हणाली. मी घेतला. उरलेलं सगळं प्याले.

रविवारी मी दुसरा अर्ज लिहिला: चांदीचा पेला परत काढावा. "काय चिटणीसबाई, तुमी कवा जुन्या मताच्या झाल्या?" मागून एकानं टोमणा मारला. मी अर्ज शेवटपर्यंत वाचून दाखवला. ठराव रद्द व्हायला तीन सभा लागल्या.

नाताळच्या प्रभुभोजनाला चांदीचा पेला बाहेर काढला. माझ्या आधी पल्याडच्या वाड्यातली एक म्हातारी प्याली, तिच्यामागून मी प्याले, माझ्यामागून आई.