महालक्ष्म्यांपुढची आगगाडी

ही चिठ्ठी घेऊन जरा निवांत बस. फोनवर तुझं आपलं "हो मावशी, हो मावशी" चालतं आणि मनात भलतंच असतं. माझ्या लेकानं तुला सांगितलं, आईनं बाबांची आगगाडी नासवली, आणि तू खुशाल ऐकून घेतलंस. एकदा मावशीला विचारायला काय तोंड दुखत होतं? आता मी लिहिते ते नीट वाच. आणि वाचून झाल्यावर "मावशी, पण..." म्हणू नकोस. पण-बिण काही नाही. मी उघडली. परत वेळ आली तर परत उघडीन.

तुझे काका एसटीचे ड्रायव्हर. आमच्या लोणारला रेल्वे नाही, तुला ठाऊकच आहे. माणसाचा जन्म गेला एसटी हाकण्यात आणि जीव सगळा रेल्वेत. मलकापूरकडची फेरी असली की रेल्वेचं फाटक लागायचं. फाटक बंद दिसलं की बाकीचे ड्रायव्हर कपाळाला आठ्या घालत, हे खूष! खाली उतरून गाडी जाईपर्यंत उभे राहायचे. आतून एखादी बाई ओरडायची, "ओ ड्रायव्हरदादा, घरी सैपाक पडला माया!" तर हे म्हणायचे, "बाई, माया गाडीले थांबवाले रेल्वेच लागते. बाकी कोनाची हिंमत नाही."

रिटायर झाल्यावर नागपूरला एका लग्नाला गेले आणि येताना खेळण्यातली आगगाडी घेऊन आले. स्वतःसाठी! इंजिन, चार डबे, गोल जोडायचे रूळ, एक इवलंसं स्टेशन, आणि विजेवर चालवायचं बटन. म्हटलं, "हे काय हो, नातवंडाचा पत्ता नाही अजून." तर म्हणाले, "महालक्ष्म्यांची बाळं आहेत ना. त्यांच्यापुढं चालवू. तोवर हात नाही लावत."

आपल्याकडे महालक्ष्म्यांसमोर खेळणी मांडतात, ती त्या बाळांसाठीच. दोघी देव्या लेकरं घेऊन माहेरी येतात, मग लेकरांना रमवायला नको? लाकडी बैल, भातुकली, मातीचे पोपट असं काहीबाही ट्रंकेतून निघतं.

तर महालक्ष्म्या यायच्या आधीच हे गेले. त्या वर्षी घरात सण नव्हता. खोकं तसंच कपाटावर राहिलं. मग लेक पुण्याहून आला, मोबाइलमध्ये काय काय बघितलं आणि डोळे मोठे करून म्हणाला, "आई, ही गाडी आता बनत नाही. सील तुटलं नसलं तर भाव वाढतच जाते." त्या दिवसापासून खोक्यावर प्लास्टिक चढलं, वर एक जुनी चादर आली. मी कपाट पुसते म्हटलं तरी पुण्याहून सूनबाईकरवी फोन: आईला म्हणावं हळू.

मला मात्र कपाटासमोरून जाताना रोज वाटायचं, हा माणूस अजून फाटकाशीच उभा आहे. फाटक बंद, आणि गाडी काही येत नाही.

या वर्षी महालक्ष्म्यांना सगळे घरी जमले. लेकानं हौसेनं आरास केली, दिव्यांच्या माळा लावल्या. आणि मग काय करावं त्यानं? ते खोकं, प्लास्टिकसकट, बाळांपुढे नेऊन ठेवलं.

"हे काय बे?" मी म्हटलं.

"बाबांची इच्छा होती ना? मांडली."

"मांडली कुठं? झाकून ठेवली."

"खोक्यावर चित्र आहे की आई. दिसते."

"मंग पुरणपोळीचं चित्र ठेवू का आज देवीपुढं?"

सूनबाई पदर तोंडाला लावून हसली. लेक चिडला. म्हणाला, "तुले समजत नाही. आणि किमतीचं सोड, बाबांची शेवटची वस्तू आहे. मोडली तर?"

हे मात्र तो खरं बोलला. त्याचा आवाज जरा ओला झाला होता, ते मला कळलं. पण मी म्हटलं, "मोडू दे. तुया बाबांनी चालवाले आणली होती. राखाले आणली असती तर मले तसं सांगितलं असतं."

तू आमच्याकडची रीत विसरली असशील. नैवेद्याची ताटं मांडली की सगळी झाकणं काढायची. माझी सासू आंबिलीच्या भांड्यावरची ताटलीसुद्धा स्वतःच्या हातानं काढायची. झाकलेलं देवीला पोचत नाही म्हणे. मग पडदा ओढायचा आणि सगळ्यांनी बाहेर बसायचं, देव्यांना निवांत जेवू द्यायचं. शेवटी बाहेर येते ती घरची म्हातारी. म्हणजे आता मी.

झाकणं काढता काढता ते खोकं समोर आलं. सगळं उघडं आणि तेवढंच एक झाकलेलं. मी पडद्यातून हात बाहेर काढला आणि म्हटलं, "सूनबाई, कात्री." तिनं एक शब्द न विचारता दिली. तिचे उपकार मी विसरणार नाही.

रूळ जोडायला वेळ लागला. बाहेर सगळ्यांना वाटलं, म्हातारी जप करते आहे. इंजिन आधी हललंच नाही, नुसतं गुरगुरलं. मग शिलाई मशीनचं तेल आणलं होतं कनवटीला, त्याचे दोन थेंब घातले. हो, कनवटीला! म्हणजे मी ठरवूनच आत गेले होते, कळलं? आणि निघाली बाई! ताटांना वळसा घालून, सोळा भाज्यांच्या मागून, बाळांच्या पायाशी, खडखड, खडखड.

बाहेरून लेकाचा आवाज, "आई?"

"देव्या जेवून राह्यल्या," मी म्हटलं. "पडदा उघडू नको."

त्यानं उघडला नाही. रीत त्यालाही ठाऊक आहे. पण खाली जमिनीशी पडदा जरा उचलला गेला, आणि तिथं मला त्याचे डोळे दिसले. गाडी दोनदा समोरून गेली, तरी तो हलला नाही.

म्हणून विरघळला असं समजू नकोस. जेवताना माझ्याशी बोलला नाही. पुण्याला जाताना रिकामं खोकं तेवढं चादरीत गुंडाळून घेऊन गेला. म्हणे, नुसत्या खोक्यालाही गिऱ्हाईक असतं. म्हटलं, "ने बाबा. खोकं तुयं, गाडी मायी."

आता ती बैठकीत मांडलेली आहे. रोज संध्याकाळी दिवा लावला की एक फेरी. एका डब्याचं चाक सैल झालंय, वळणावर घसरतं. घसरू दे. उचलून ठेवते.

तू ये लवकर. रेल्वे नाही म्हणून बहाणे सांगू नकोस, एसटी थेट दारापर्यंत येते. येताना मशीनच्या तेलाची एक बाटली आण, माझी संपत आली. बटन तुझ्या हातात देईन.