ऐकलं, पण कुणाचं?

शिंपीणबाईंचा देवाशी वाद नव्हता. वाद धाकट्या बहिणीशी होता, आणि त्या बिचारीला त्याचा पत्ताच नव्हता.

दोघींचे नवरे एकाच वर्षी अर्धांगवायूने आडवे झाले. धाकटीने प्रार्थना केली आणि तिचा नवरा चालायला लागला, शिवाय पूर्वीसारखा भांडायलाही. थोरलीनेही तीच प्रार्थना केली, गुडघे सुजेपर्यंत. तिच्या नवऱ्याची मात्र वाचाही गेलेली, तो खाटेवरून मशीनकडे नुसता बघत पडून असे. दुकानात कापायचं काम त्याचं, शिवायचं हिचं. आता कात्रीही हिच्याच हातात आली होती. त्याने चालावं असा हिचा हट्ट नव्हता. त्याच्या तोंडून एक शब्द हवा होता, मग ती शिवी का असेना.

शेवटी ती ग्रंथ काखोटीला मारून प्रवचनकारांकडे गेली.

"इथे लिहिलंय, जो हाक मारेल त्याचं देव ऐकतो. आणि इथे लिहिलंय, मनात हेवा धरणाऱ्याचं ऐकत नाही. एकाच गिऱ्हाइकाची दोन मापं आली तर मी कापू कशावरून?"

प्रवचनकार भला माणूस. "दोन्ही खरं आहे. कसं, ते मलाही नीट सांगता येत नाही. तुम्ही हेवा सोडून बघा."

"तो काय कच्चा टाका आहे, ओढला की निघाला?"

तरी प्रयत्न केला तिने. आधी म्हणायची, देवा, धाकटीचं भलं कर. आणि लगेच मनातल्या मनात, पण आता पुरे झालं तिचं भलं.

धाकटी रोज दुपारी डबा घेऊन येई आणि खाटेपाशी डोळे मिटून पुटपुटत बसे. थोरलीच्या अंगाचा तिळपापड होई. माझ्या घरात, माझ्या नवऱ्यासाठी, माझ्याच देवाला! उद्या हा बोललाच, तर श्रेय हिच्या पदरात. त्यापेक्षा न बोललेला बरा, असंही कधी वाटून जाई. मग ती स्वतःलाच घाबरे आणि मशीन जोरात हाणे.

एकदा अशीच हाणत होती. सुईखाली कॉलर, नजर धाकटीच्या ओठांवर. खाटेवरून घोगरा आवाज आला.

"वाकडं."

मशीन थांबलं.

"शिवण... वाकडी."

खरंच वाकडी होती. थोरली रडली, हसली, नवऱ्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून "काय म्हणालात? पुन्हा म्हणा" करत राहिली.

"ताई, ऐकलं गं देवाने!" धाकटी म्हणाली.

थोरलीचे डोळे तिथल्या तिथे कोरडे झाले. "कुणाचं? रोज पुटपुटतेस, काय मागत होतीस ह्यांच्यासाठी?"

"भाऊजींसाठी काहीच नाही गं." धाकटी ओशाळली. "तू काय मागतेस ते मला कुठे ठाऊक? मी आपली म्हणायचे, ताई जे मागेल ते ऐक."

थोरलीने कॉलर ओढून वाकडी शिवण उसवायला घेतली. इतकं साधं मागणं, आणि तेसुद्धा हिलाच सुचावं!