देवमन मिस्तरीनं घासलेला पिस्टन

वाशीमजवळच्या मालेगावच्या पंचक्रोशीत विहिरीवरचं ऑईल इंजिन बंद पडलं, की लोक डोकं न खाजवता देवमन मिस्तरीला गाठायचे. मिस्तरी हाताचा कसबी, पण स्वभावानं पक्का आडमुठा. मालकानं "काय झालं असंन?" असं विचारलं, तर "तुले समजत असतं तर मले कायले बलावलं असतं?" म्हणून मोकळा. स्वतः मात्र तो कुणालाच काही विचारत नसे. विचारण्यात कमीपणा आहे, हे डोक्यात इतकं घट्ट बसलेलं, की बायको भागिरथा जिवंत असताना मिठाचा डबा कुठे आहे हेही त्यानं कधी विचारलं नाही. ती घरात नसली की गडी अळणीच जेवायचा.

भागिरथा गेली. एकुलता एक मुलगा नागसेन अकोल्याला शिकला आणि हवाई दलात तंत्रज्ञ म्हणून लागला, तो पार जोधपूरला. घरात उरले देवमन आणि त्याचा स्टोव्ह. बापलेकांत भांडण नव्हतं. भांडायलाही आधी बोलावं लागतं. पोरगा सुट्टीवर यायचा, दोन घास खायचा आणि वाशीमला मित्रांकडे पळायचा. देवमन दुकानात बसून वाशीमकडून येणाऱ्या प्रत्येक एसटीकडे पाहत राहायचा.

एका सुट्टीत मात्र वेगळं घडलं. कॉलेजात असताना एनसीसीत नागसेन विमानाची मॉडेलं बनवायला शिकला होता. त्या वर्षी त्यानं हलक्या लाकडाचं हातभर विमान आणलं. नाकात लिंबाएवढं इंजिन, पंखाला दोन बारीक तारा. तारांची मूठ धरून नागसेन मैदानाच्या मधोमध गरगर फिरायचा आणि विमान त्याच्याभोवती घोंघावायचं. इंजिन सुरू झालं की विमान धरून ठेवायचं आणि हाक आली की सोडायचं, हे काम देवमनचं. "सोडा, बाबा," अशी हाक आली की पन्नाशीतला मिस्तरी विमान सोडून पायजमा सावरत बाजूला पळायचा. विमान उतरलं की घेरी आलेला नागसेन बापाच्या खांद्याला धरून हसत उभा राहायचा. मिसरूड फुटल्यापासून पोरानं त्याला असा हात लावला नव्हता. देवमनला ते फार आवडलं.

सुट्टीच्या शेवटच्या संध्याकाळी वाऱ्यानं तारा ढिल्या पडल्या आणि विमान नाकावर दगडात आदळलं. लाकडाचा भुगा झाला, इंजिन चेंबलं. "फेकून द्या," म्हणून नागसेन दुसऱ्या दिवशी गेला. देवमन कसला फेकतो? त्यानं इंजिन धुऊन फडक्यात गुंडाळलं. हे चालू झालं, की पोरगा नवं विमान बांधायला घरात बसेल, वाशीमला जायचा नाही, असा त्याचा साधा हिशेब होता.

मग लोकांची इंजिनं खोळंबली. मिस्तरीनं वाकलेला दांडा पितळी हातोडीनं टिचक्या मारून सरळ केला. फुटलेलं झाकण पंपाच्या भंगार पिस्टनमधून कापून कानशीनं घडवलं. तेल सोडणारी सुई मोडली होती, ती सायकलच्या स्पोकपासून केली. इंजिनापुढे फिरणारा लाकडी पंखाही नवा तासला.

"मिस्तरी, लेकरावानी जपून राह्यले तुमी त्याले," शेजारच्या विमलबाई हसून म्हणाल्या.

"जपाले दुसरं हाये कोन?" देवमन म्हणाला.

शेवटी एकच खोट उरली. पिस्टन मोकळा सरकायचा, पण अगदी वरच्या टोकाला आवळायचा. आपटल्यानं सिलिंडर दबला, अशी देवमनची खात्री पटली. नागसेनला कार्ड टाकून विचारावं, असं क्षणभर मनात आलं. पण उभा जन्म इंजिनात घालवून पोराला विचारायचं? त्यानं व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावली आणि घासत बसला. शेवटी पिस्टन आपल्या वजनानं खाली घसरायला लागला. मिस्तरी खूश झाला. पहिला पंखा पोरानंच फिरवावा, म्हणून त्यानं इंजिन चालू करून पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी बुद्धपौर्णिमेला नागसेन आला. विहारातून परतल्यावर देवमननं फळीवर बसवलेलं इंजिन त्याच्यापुढे ठेवलं. पोरगा पाहतच राहिला. झाकणावरून, सुईवरून बोट फिरवत म्हणाला, "हे चालू झालं तर वाशीमले जातच नाही, बाबा. उद्यापासून इमान बांधतो."

देवमननं फळी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

नागसेननं पंखा फिरवला. पंखा कुठेही न अडता सैल फिरला. त्यानं पुन्हा फिरवून पाहिला आणि हात मागे घेतला.

"वरती घट्ट लागत होतं ना?"

"अडकत होतं. म्या घासून काढलं."

"ते तसंच बनवतेत, बाबा. याच्या पिस्टनले रिंगा नसतेत. वरती घट्ट असंन तवाच दाब बनते."

"तू सांगतलं नाही."

"तुमी कुठं इचारलं?"

पोराच्या आवाजात राग नव्हता. देवमननं स्वतः पंखा फिरवला. दाब पार गेलेला होता आणि इंजिन आता सुरू होणार नव्हतं, हे कळायला त्याला कुणाची गरज नव्हती. वर्षभराचं काम त्यानं आपल्याच हातानं मारलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नागसेनची बॅग घेऊन स्टँडवर गेला. वाशीमची गाडी लागलीच होती.

"पुढच्या बारीले नवं इंजन आनतो," नागसेन पायरीवर चढत म्हणाला.

"नको आनू."

"काहून?"

"मले इमान काय करायचं? तू घरी राह्यशीन म्हनून करत होतो सारं."

नागसेन दांडा धरून वळला. "मंग तसं म्हनाचं ना, बाबा. म्या इंजनाबिगर राह्यलो असतो."

कंडक्टरनं दोरी ओढली. देवमनला 'उतर' म्हणायचं होतं, एवढंच. तो शब्द ओठांवर येईपर्यंत गाडी वाशीमच्या रस्त्याला लागली होती.