फळ्यावरची उसवण

नांदेडच्या आमच्या कॉलेजात, शाळा अर्धवट सुटलेल्या बायकांना मी गणित शिकवतो. त्यांतली एक अर्धापूरहून यायची, ब्लाउज शिवणारी. नाव विसरलो, पण हातात दिलेला खडू ती आधी कानावर खोचायची, हे विसरलो नाही.

एकदा फळ्यावर तिचं समीकरण चुकलं. वर्ग हसला. मी उतावीळपणानं डस्टर उचललं.

"थांबा ना सर, समदं कशाला पुसून राहिलात? बिघडलं तिथवरच उसवायचं."

शेवटच्या ओळीवर नख ठेवून ती एकेक ओळ वर चढली आणि सुटलेल्या उणे चिन्हाशी थांबली. तिथून खालचं पुसून तिनं पुन्हा मांडलं. उत्तर बरोबर आलं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून, फळ्यापाशी कधीच न आलेली एक बाई उठली. म्हणाली, "सर, खडू इकडं द्या."