नववी चिठ्ठी

आमच्या गावात निवडणूक होत नाही. नगरसभेवर कोण बसणार ते चिठ्ठी ठरवते. दर दोन वर्षांनी यादीतल्या सगळ्यांच्या चिठ्ठ्या लाकडी पिंपात पडतात आणि त्यातून नऊ काढतात. या चिठ्ठ्यांच्या घड्या घालणारे कारकून म्हणजे आपले घडीकाका. चार घड्या, वरून अंगठ्याचा दाब. एक चिठ्ठी दुसरीपेक्षा जाड लागेल तर शपथ! पण पिंपाला हात लावणाऱ्याचं नाव पिंपात नाही, असा नियम. बत्तीस वर्षं बिचारे जगाची नावं घालत राहिले आणि स्वतः कोरडेच.

काकू शिवणकाम करायच्या. त्यांची चिठ्ठी असायची, पण निघाली कधीच नाही. "एकदा निघू दे," त्या म्हणायच्या, "पहिल्याच बैठकीत दवाखान्याच्या पायऱ्यांना कठडा लावून घेते की नाही बघा! तुम्ही बसा घड्या घालत." आजारपणात त्याच पायऱ्या त्या भिंतीला धरून चढल्या. गेल्या वर्षी त्या गेल्या.

यंदा गेलेल्यांची नावं यादीतून खोडायचं काम काकांकडे आलं. बाकीची खोडली, बायकोच्या नावाशी मात्र हात चालेना. त्याच आठवड्यात ते निवृत्त झाले. नव्या कारकून मुलीनं यादी घेतली आणि शेवटी काकांचं नाव जोडलं.

सोडतीच्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत. जीव नुसता टांगणीला. माझी निघू दे रे बाबा, तिच्या कठड्याचं तेवढं बोलतो! आठ निघाल्या, त्यांची एकही नाही. नववी अध्यक्षबाईंनी उघडली आणि काकूंचं नाव वाचलं.

"हजर आहेत का?"

काका उठले. "नाही. ती गेली. खोडायचं काम माझं होतं, बाई. माझ्याच्यानं नाही झालं."

"दुसरी काढावी लागेल," बाई हळूच म्हणाल्या.

"काढा ना. पण तिची निघालीय, तर तिचं म्हणणं लिहून घ्या. दवाखान्याच्या पायऱ्यांना कठडा हवा."

बाईंनी लिहून घेतलं आणि चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. काकांनी तिच्या चार घड्या घातल्या, वरून अंगठा दाबला आणि ती खिशात ठेवली.

पिंप पुन्हा फिरलं. कुणाची निघाली ते काकांना आजही विचारा, सांगता येणार नाही.